दोराचा भाव

दोर वळणाऱ्या माणसाचा जन्म मागे चालण्यात जातो. कमरेला वाखाचा, म्हणजे अंबाडीच्या तंतूंचा, जुडगा बांधायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं आणि चाकाकडे तोंड करून मागे मागे सरकत जायचं. चाक फिरतं, बोटांतून वाख सुटतो, दोर लांबत जातो. म्हणून गावात म्हाताऱ्याला माघारी आबा म्हणत. पन्नास वर्षं तो रोज सकाळी घराच्या मागच्या भिंतीपासून निघे आणि कुंपणाच्या झाडाला पाठ टेकली की थांबे. झाड कधी येतं ते बघायला त्याला मान वळवावी लागत नसे. एकदा कुणीतरी मध्येच सायकल लावून ठेवली, तेव्हा आबा सायकलीसकट आडवे झाले, पण दोर सोडला नाही. पडल्या पडल्या म्हणाले, "कुणाची आहे ही? घेऊन जा, पीळ बिघडतोय."

चाक आजी फिरवायची. नवरा-बायकोनं दिवसभर एकमेकांकडे तोंड करून राहावं असा दुसरा धंदा नसेल. फक्त अंतर फार पडायचं, त्यामुळे बोललेलं ऐकू यायचं नाही. दोघांचा संसार सुखाचा झाला तो बराचसा यामुळेच, असं आजी म्हणायची.

त्या वर्षी तळं आटलं. अंबाडी पाण्यात पंधरा दिवस कुजल्याशिवाय वाख सुटत नाही, आणि तळ्यात उरलेलं पाणी म्हशी उभ्या राहिल्या तर त्यांच्या गुडघ्यालाही लागत नव्हतं. आबांनी घरामागे खड्डा खणला. आजीनं आणि मोठ्या नातीनं हातपंपावरून घागरी आणून तो भरला. शेजारीण आठवडाभर नाकाला पदर लावून हिंडत होती. "तुमच्या दारात कुणी मेलंय का?" तिनं विचारलं. "अजून नाही," आजी म्हणाली, "पण वास आधीच घेऊन ठेव." एवढं करून वाख निघाला तो नेहमीच्या निम्मा.

घरात माणसं चार. दोघं म्हातारी आणि दोन नाती. मोठी तेरा वर्षांची, धाकटी सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. सून तीन वर्षांपूर्वी तापानं गेली. मुलगा शहरात एका कारखान्याच्या फाटकावर नोकरीला होता. त्यानं पोरींना आणून सोडलं ते महिनाभरासाठी, असं सांगून. तो महिना अजून संपलेला नव्हता. मधल्या काळात त्यानं दुसरं लग्न केलं, त्याला एक बाळही झालं.

लग्नाची बातमी आली तेव्हा आबांनी मुलाचं नाव टाकलं. आठ दिवस ते भिंतीकडे तोंड करून बसले. वाखाला हात लावला नाही, जेवणालाही नाही. मग बाजारच्या दिवशी आजी दोर विकून आली ती पदराच्या गाठीत वेगळ्या नोटा घेऊन.

"पोरानं पाठवलेत," ती म्हणाली. "गाडीवाल्याच्या हाती आपला दोर घेणाऱ्या दुकानदाराकडे दिलेत. पोरींसाठी."

आबांनी नोटांना हात लावला नाही, पण त्या दिवशी ते पोटभर जेवले. तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटच्या बाजाराला मुलाचे पैसे येऊ लागले. दोराचा भाव मात्र त्याच सुमाराला उतरला. "नायलॉननं मारलं आपल्याला," आजी सांगायची. आबांना ते पटायचं. लोक नायलॉनचा निळा दोर घेताना ते स्वतः बघत होते. ते आपल्या तळहाताची घट्टे पडलेली कातडी दुसऱ्या अंगठ्यानं चोळत आणि म्हणत, "जाऊ दे. आपला दोर म्हातारा झाला. पोरगं तर उभं राहिलं."

चहाच्या टपरीवरही ते हेच म्हणत, जरा मोठ्यानं.

*

मोठीची सातवी झाली. पुढची शाळा बाजारच्या गावात, राहायचं वसतिगृहात. गावच्या शाळेतल्या बाई स्वतः अर्ज घेऊन घरी आल्या. सरकारची संगोपन मदत होती. आई-बापावाचून आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या मुलांना ती मिळायची. अट एकच, घरातली मिळकत ठरलेल्या मर्यादेच्या आत हवी.

"मर्यादेची काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिच्या इतके खाली आहात की मान वर केली तरी ती दिसायची नाही."

"मदत आली की वसतिगृहात घेतील?" मोठीनं विचारलं.

"मंजुरीचं पत्र दाखवलं तरी घेतील. पण महिनाअखेर. त्यानंतर जागा दुसऱ्या मुलीला."

अर्ज बाईंनीच भरला. 'वडिलांकडून होणारी मदत' असा एक रकाना होता. आजी चाकाजवळून उठून आली आणि म्हणाली, "तो राहू दे कोरा. ते आम्ही नंतर बघू." बाईंना वाटलं, घरातली दुखरी गोष्ट असेल. त्यांनी तो कोरा ठेवला.

दहा दिवसांनी तपासणीवाली आली. पोरसवदा मुलगी, खांद्याला पिशवी, पायात धुळीनं भरलेले बूट. तिला सगळे मॅडम म्हणत, आणि ती दर वेळी मागे वळून बघत असे, की मॅडम कोण. आबा तेव्हा झाडापाशी पोचलेले होते, कमरेला जुडगा, हातात ओला दोर. मधूनच थांबता येत नव्हतं, म्हणून ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. आजी चाकापाशी अडकून पडली.

"दोराचं काय मिळतं, आजोबा?"

आबांनी आजी सांगायची तो भाव सांगितला. मुलीनं तो लिहून घेतला, मान हलवली. तिला तो फारच कमी वाटला. "एवढ्यावर चौघांचं चालतं?"

आता हा प्रश्न काही वाईट हेतूनं विचारलेला नव्हता. पण प्रश्न विचारणारी शहरातली होती, मोठी नात ऐकत होती, शेजारीण कुंपणाला टेकलेली होती, आणि आबांची पाठ ताठ झाली.

"एवढ्यावर कशाला?" ते म्हणाले. "मुलगा पाठवतो की. दर महिन्याला. एक महिना चुकवलेला नाही."

लांब चाकापाशी आजी खोकली. मग तिनं चाक एकदम थांबवलं. दोराला झटका बसला, आबांच्या बोटाची साल निघाली.

"अगं, झालं काय?" आबा ओरडले.

"आकडा निसटला," आजी तिकडून म्हणाली. "इकडे या जरा."

"येतो. मॅडमना सांगून होऊ दे."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. किती पाठवतो, कधीपासून पाठवतो. मुलगी म्हणाली, "चांगला आहे हो मुलगा." आबा म्हणाले, "आहे तसा." तिनं शेजारणीला विचारलं, टपरीवाल्याला विचारलं. दोघांनीही साक्ष दिली आणि ती अगदी खरी होती. दोघांनीही ही गोष्ट आबांच्या तोंडून चोवीस वेळा ऐकलेली होती.

ती गेल्यावर आजीनं चाकावर बसूनच विचारलं, "कशाला सांगितलंत?"

"का? चोरी आहे का?"

आजी चाकावरून उठली. तिनं फडकं ओलं करून आणलं आणि त्यांच्या बोटाला बांधलं. जरा जास्तच घट्ट बांधलं.

*

पत्र आलं ते मोठीनं वाचलं. आबा खाटेवर, आजी चुलीपाशी, धाकटी उंबऱ्यावर बसून तिसरा दात हलवून बघत होती.

"अर्ज नामंजूर," मोठीनं वाचलं आणि ती थांबली.

"पुढे वाच," आबा म्हणाले.

"दोरविक्रीची मिळकत, दुकानदाराच्या लेखी जबाबाप्रमाणे..." तिनं आकडा वाचला. "अधिक, मुलांच्या वडिलांकडून दरमहा येणारी रक्कम... एकूण मिळकत मर्यादेपेक्षा जास्त."

आबांनी तो आकडा पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्यांदा वाचूनही तो तेवढाच होता. दुकानदारानं लिहून दिलं होतं, गुंडाळीमागे इतका भाव. आजी सांगत होती त्याच्या जवळजवळ दुप्पट.

"हा कुणाचा दोर?" आबांनी विचारलं.

आजीनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"मी काय विचारतो? इतका भाव कुणाच्या दोराला मिळतो?"

"तुमच्याच," आजी म्हणाली.

"नायलॉननं मारलं म्हणत होतीस."

"नायलॉन हाताला कापतं. होडीवाले घेत नाहीत, गुरंवाले घेत नाहीत. तुमचाच मागतात." ती चुलीकडे बघत बोलत होती. "वरचे मी बाजूला ठेवायचे. महिन्याच्या शेवटी आणून द्यायचे."

हे समजायला आबांना वेळ लागला. ते हुशार होते, पण या बाजूनं त्यांनी कधी विचार केलेला नव्हता. मोठीला आधी समजलं. तिनं पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली.

"म्हणजे बाबांनी काहीच पाठवलं नाही?" ती म्हणाली.

"तुम्ही जेवत नव्हता," आजी आबांना म्हणाली. नातीकडे बघितलं नाही. "आठ दिवस. काय करायचं होतं मी?"

"म्हणजे आपलेच पैसे," मोठी म्हणाली, "दोनदा धरलेत. एकदा दोराचे म्हणून आणि एकदा बाबांचे म्हणून. ते नुसते एकदा धरले तर आपण मर्यादेच्या आत आहोत, आजी."

आजीच्या चेहऱ्यावर उजेड पडला. आबांच्या नाही. ते उठले, मागच्या दारात जाऊन उभे राहिले. भिंतीला दोराच्या गुंडाळ्या टांगलेल्या होत्या, त्यातल्या एकीचा पीळ ते अंगठ्यानं चाचपत होते.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "दोन वर्षं मला वाटलं, माझ्या हातात आता काही राहिलं नाही. मी तुला म्हणालोसुद्धा. म्हणालो की नाही?"

"म्हणालात."

"आणि तू काय म्हणालीस? चालायचंच, वय झालं."

आजीनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"माझी किंमत उतरवून तू त्याची चढवलीस."

तेव्हापासून आबा आजीशी बोलेनासे झाले. दोर मात्र रोज वळत होते, तिच्याकडे तोंड करून.

*

पत्राच्या तळाशी लिहिलं होतं की निर्णय मान्य नसेल तर वडिलांना समक्ष आणून जबाब द्यावा. बाईंच्या फोनवरून आजीनं मुलाला फोन लावला. मोठी शेजारी उभी होती.

"एवढंच सांगायचंय तुला," आजी म्हणाली, "की तू पाठवत नाहीस. जे आहे तेच. रागावणार कुणी नाही."

"येतो ना, आई," मुलगा म्हणाला. "तुमच्यासाठी एवढंसुद्धा नाही करणार का मी?"

आजीनं फोन बाईंना परत दिला तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "माझं पोर तसं नाही," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं उरलेल्या वाखातला सगळ्यात मऊ वाख विंचरून घेतला आणि बाळाच्या पाळण्यासाठी दोरी वळली, करंगळीएवढी, कुठे कुसळ नाही. आबांनी ती बघितली. काही बोलले नाहीत, तसेही बोलत नव्हतेच.

कचेरी बाजारच्या गावात. बाहेर व्हरांड्यात एक लांब बाकडं, त्याचा एक पाय विटेवर. मुलगा वेळेवर आला होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. त्यानं दोघांच्या पाया पडून घेतलं, धाकटीसाठी बिस्किटाचा पुडा आणला होता तो मोठीच्या हातात दिला.

"केवढी झाली," तो म्हणाला.

"तीन वर्षांएवढी," मोठी म्हणाली.

आजीनं पाळण्याची दोरी काढून त्याला दिली. "बाळासाठी. टोचत नाही, बघ." त्यानं ती गालाला लावून बघितली, हसला, पिशवीत कोंबली. आजी आबांकडे बघून मानेनंच म्हणाली, बघितलंत? आबा विटेकडे बघत होते.

आत साहेबांसमोर दोनच खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर फायली बसलेल्या होत्या, दुसऱ्या खुर्चीवर मुलगा बसला, कारण जबाब त्याचा होता. म्हाताऱ्यांनी आणि मोठीनं भिंतीशी उभं राहायचं. साहेब भला माणूस होता. आजीनं सांगितलेलं सगळं त्यानं ऐकून घेतलं, दोनदा 'अरेरे' म्हणाला आणि कारकुनाला म्हणाला, "लिहा, आजी म्हणतात रक्कम त्यांचीच होती." मग मुलाकडे वळला. "तुमचं काय म्हणणं?"

"मी पाठवतो," मुलगा म्हणाला.

खोलीत पंखा होता, तो फिरत होता.

"काय पाठवतोस?" आजीनं विचारलं. अगदी हळू, जणू त्याला ऐकू गेलं नसेल.

"आईचं वय झालंय, साहेब. विसरते." त्यानं पिशवीत हात घातला. त्याला एक कागद काढायचा होता, पण पाळण्याची दोरी कागदाला गुंतली होती. ती सोडवायला त्याला बराच वेळ लागला. आजी मदत करायला पुढे झाली आणि तिनंच ती सोडवून दिली, मग कागद साहेबांच्या हातात गेला. "हे कारखान्याचं पत्र. दोन मुली सांभाळतो म्हणून मला दर महिन्याला भत्ता मिळतो. दोन्ही नावं आहेत बघा. मी सांभाळत नसतो तर कारखान्यानं भत्ता दिला असता का?"

साहेबांना हा मुद्दा फार पटला. "बरोबर आहे," ते म्हणाले.

"भत्ता?" आबांनी विचारलं. तीन वर्षांत मुलाशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द. "ह्यांच्या नावावर?"

"बाबा, आता इथं नको," मुलगा खालच्या आवाजात म्हणाला. "मी नाही म्हणालो तर आजवरचा सगळा कापून घेतील. नोकरी जाईल. घरी बाळ आहे."

"आणि ह्या?"

"ह्यांना तुम्ही आहात ना."

त्यानं हे अगदी विश्वासानं म्हटलं. तेवढ्यात मोठी भिंत सोडून टेबलापाशी आली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही दर महिन्याला पाठवता ना?"

"हो, बाळा."

"मग या महिन्याचे द्या. आम्हाला मिळालेले नाहीत."

कारकुनानं लिहिता लिहिता मान वर केली. दारातला शिपाईसुद्धा आत वाकला. पोरीचा डाव सरळ होता. बाप आता खिसे चाचपणार, नाही म्हणणार, आणि सगळ्यांना दिसणार. बापानं खिसे चाचपले खरे. एका खिशात काही नव्हतं. दुसऱ्यात परतीच्या गाडीभाड्यासाठी ठेवलेली नोट होती. त्यानं ती बाहेर काढली, सरळ केली आणि पोरीच्या हातावर ठेवली.

"घे. बाकीचे पाठवतो."

साहेबांच्या डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आईचं म्हणणं एक, मुलाचं दुसरं. आता त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं काहीतरी मिळालं. "लिहा," ते कारकुनाला म्हणाले. "वडिलांनी माझ्या समक्ष मुलीस रक्कम दिली."

"साहेब, हे आत्ता, पहिल्यांदा..." मोठी म्हणाली.

"दिली की नाही?"

"दिली, पण..."

"मग झालं तर. रडू नको. बाप देतोय तोवर नशीबवान समजायचं."

आबा पुढे आले. त्यांनी पोरीच्या मुठीतून नोट घेतली आणि मुलाच्या इस्त्रीच्या खिशात परत ठेवली. कारकून भिडस्तपणे म्हणाला, "आजोबा, आता ते तुमचं आपसातलं. इकडे नोंद झाली." त्यानं वाळवूनसुद्धा घेतली होती शाई.

बाहेर व्हरांड्यात मुलगा बराच हलका झाला. "एक सुचवू का, आई? मोठीला माझ्याकडे पाठव. माझ्या बायकोला दुपारची कामं असतात, बाळ आजारी असतं सारखं. मोठी असली की बरं. शाळा काय, पुढच्या वर्षी बघू तिथं."

आजीनं त्याच्याकडे बघितलं.  तिनं फक्त त्याच्या पिशवीतून लोंबणारं दोरीचं टोक आत सारलं, लोकांच्या पायात येऊ नये म्हणून. मग ती फाटकाकडे चालू लागली. मोठी तिच्या मागून गेली. आबा शेवटी. बापाला उत्तर देण्याचं काम कुणी केलंच नाही, तो मागून विचारत राहिला, "मग कळवा काय ते."

*

घरी आल्यावर आबा पहिल्यांदा बोलले ते मोठीशी.

"महिनाअखेर कधी?"

"रविवारी. शनिवारी दुपारपर्यंत पैसे भरायचे."

"शनिवारी सकाळी बाजार आहे," आबा म्हणाले. "गुंडाळ्या किती आहेत?"

"सात," आजी म्हणाली.

"मी तिला विचारलं," आबा म्हणाले.

"सात," मोठी म्हणाली.

"तीन दिवसांत दोन होतील. नऊ. पत्रातला भाव धरला तर वसतिगृहाचे निघतात. मदत गेली खड्ड्यात. बाजारात मी जाणार."

आजी चाकावर बसली आणि तिनं तीन दिवस चाक फिरवलं. खांदा भरून आला तेव्हा तिनं हात बदलला. तळहाताला फोड आला, तो फुटला, तिनं चिंधी बांधली. आबा मागे जात, झाडाला पाठ लागे, पुन्हा पुढे येत. शुक्रवारी संध्याकाळी ती म्हणाली, "दुकानदार पहिल्यांदा कमीच सांगतो. गुंडाळ्यांवर बसून राहायचं. उठून निघायचं. तो बोलावतो."

आबांनी ऐकलं नाही. म्हणजे ऐकू गेलं, पण त्यांनी ऐकलं नाही.

शनिवारी पहाटे नऊ गुंडाळ्या पाठीवर टाकून ते निघाले. बाजारात दुकानदारानं दोर हातात घेतला, पीळ उलगडून बघितला, नखानं खरवडला. "हात तोच आहे," तो म्हणाला. "आजी नाही आल्या?"

"मी आलोय."

दुकानदारानं भाव सांगितला. आबांना वाटलं, चुकून सांगितला. त्यांनी शर्टाच्या खिशातून कचेरीचं पत्र काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. "तूच लिहून दिलायस. हा."

"हा का?" दुकानदार प्रेमानं म्हणाला. "हा आजींचा भाव. त्या सकाळी येऊन बसतात त्या दुपारपर्यंत उठत नाहीत. गिऱ्हाईक आलं की त्याला माझ्यासमोर सांगतात, ह्याच्याकडे घेऊ नका, मीच देते स्वस्तात. तीनदा निघून जातात. चौथ्यांदा मीच हात जोडतो. तुम्हाला जमेल का ते?"

आबांनी निघून जायचा प्रयत्न केला. पण ते पन्नास वर्षं मागे चालत आलेले. पाठ फिरवून ऐटीत निघून जाणं त्यांना कधी जमलेलं नव्हतं. चार पावलांवर जाऊन ते उभे राहिले. दुकानदारानं बोलावलं नाही. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला निळा दोर मोजून देत होता. दहा वाजले, अकरा वाजले. शाळेची कचेरी दुपारी बंद होणार होती. आबा परत आले आणि म्हणाले, "दे."

पैसे घेऊन ते वसतिगृहाच्या खिडकीपाशी गेले. तिथल्या बाईंनी दोनदा मोजून सांगितलं, "आजोबा, अर्धे कमी आहेत." त्यांनी नंतर आणून देतो म्हटलं. बाईंनी त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं.

ते घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. मोठीनं सकाळपासून डोकं धुऊन, कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. धाकटी त्या गाठोड्यावर बसली होती, म्हणजे ताईनं तिला सोडून जाऊ नये. आबांनी पैसे काढून खाटेवर ठेवले.

आजीनं ते हात न लावता नुसते बघितले. बाजारातल्या नोटा तिला लांबूनही कळत.

"बाकीचे?" तिनं विचारलं.

"एवढेच."

"नऊ गुंडाळ्यांचे?"

"त्यानं भाव पाडला."

आजी त्यांच्या खिशाकडे बघत होती. मग शर्टाकडे, मग चेहऱ्याकडे. "कुठे ठेवलेत?" ती म्हणाली. "पोरीसाठी होते ते. रागात मला नका देऊ, पण तिच्या हातात द्या."

"अगं, खरंच एवढेच मिळाले."

"मीही असंच म्हणत होते," आजी म्हणाली.

आबांनी शर्ट काढला आणि तिच्यापुढे टाकला. तिनं तो उचलला. दोन्ही खिसे उलटे केले, शिवण चाचपली, कॉलरही दाबून बघितली. आबा उघड्या अंगानं तिच्यासमोर उभे होते, छातीची हाडं वरखाली होत होती. शर्टात कचेरीच्या पत्राशिवाय काही नव्हतं. तरी तिनं तो लगेच परत दिला नाही.

मोठी दोघांकडे बघत होती. मग तिनं धाकटीला गाठोड्यावरून उचललं, गाठोडं सोडलं, कपडे दांडीवर परत टाकले, एकेक, घडी मोडून. केस अजून ओले होते, ते मानेवर बांधले. मागच्या दारानं ती बाहेर गेली आणि आजीच्या पाटावर बसून तिनं चाकाचा दांडा हातात घेतला.

"आबा, या," ती तिकडून म्हणाली. "उजेड आहे तोवर."